स्क्रीनवर बरोबर, पत्र्यावर भलतंच: डीएक्सएफमध्ये बिघडणाऱ्या स्प्लाइनची दुरुस्ती

भोसरीतल्या एका लेझर कटिंग शॉपमध्ये फाईल तपासायचं टेबल माझ्याकडे आहे. गिऱ्हाईक डीएक्सएफ, म्हणजे कॅड ड्रॉइंगची देवाणघेवाण करायची फाईल, पाठवतं, मी ती उघडून बघते, नेस्टिंगला लावते, म्हणजे पत्र्यावर भाग दाटीने मांडते, आणि मग पत्रा मशीनवर चढतो. या कामात एक तक्रार इतक्या वेळा निस्तरली आहे, की ऑपरेटर दारात दिसला की त्याचं वाक्य मीच पुरं करते. "मॅडम, ते कॉन्टूर..." "ओपन दाखवतंय ना? आले." म्हणजे कापायची बंद रेघ कुठेतरी उघडी राहिलीय. तिकडून गिऱ्हाईक फोनवर सांगत असतं, की आमच्या स्क्रीनवर तर अगदी बरोबर दिसतंय. दोघंही खरं बोलत असतात.

घोळ असतो बिंदूंतून जाणाऱ्या स्प्लाइनचा. डिझायनर दहावीस ठिकाणी क्लिक करतो आणि सॉफ्टवेअर त्या सगळ्या बिंदूंतून एक गुळगुळीत वक्र नेतं. या बिंदूंना आमच्याकडे फिट पॉइंट म्हणतात. डीएक्सएफ वाचणाऱ्या कित्येक सॉफ्टवेअरना मात्र तोच वक्र कंट्रोल पॉइंट (वक्राला आपल्याकडे ओढणारे बिंदू) आणि नॉट (वक्राचे तुकडे कुठे जोडले जातात ते सांगणारे आकडे) यांच्या हिशेबात लागतो, आणि मधले कंट्रोल पॉइंट सहसा वक्रावर नसतातच, बाजूला कुठेतरी असतात. एका हिशेबातून दुसऱ्यात जाताना काहीतरी सांडतं. कुठे सांडलं ते शोधायचा माझा क्रम खाली देतेय. आधी फुकटातल्या तपासण्या, मग डोकं लावायच्या.

आकडे आणि फाईलमध्ये शोधायचे शब्द मी इथे देवनागरीत लिहितेय. फाईलमध्ये ते इंग्रजीच हवेत. यावरून एक किस्सा आहे, तो पुढे येईल.

आधी लक्षणं बघा

- फाईल उघडते, सरळ रेषा आणि वर्तुळं दिसतात, वक्र मात्र गायब.
- वक्र दिसतो, सगळ्या बिंदूंतून जातोही, पण दोन बिंदूंच्या मधलं पोट वेगळं आहे. पाव मिलिमीटर, कधी अर्धा, कधी जास्त. भाग जोडीला बसत नाही तेव्हाच हे कळतं.
- एखाद्या कोपऱ्याजवळ वक्र स्वतःलाच छोटी गाठ मारतो.
- बंद प्रोफाइलला एका जागी फट किंवा टोक येतं.
- वक्राच्या जागी हजारो बारीक रेषा. मशीन थरथरत चालतं, कडेला जळल्याचे डाग पडतात.
- सगळं आहे, पण माप चुकलंय किंवा आकृती उलटी आहे.
- फाईल उघडतच नाही, एरर येते.

एकाच फाईलमध्ये दोन-तीन लक्षणं असली तरी घाबरू नका. कारण बहुतेक वेळा एकच असतं.

पहिली तपासणी: स्वतः एक्स्पोर्ट केलेली फाईल स्वतः उघडा

हे सांगायला लाज वाटावी इतकं सोपं आहे, पण निम्मे फोन इथेच संपतात. डिझायनर आपली मूळ फाईल बघून "बरोबर आहे" म्हणतो. मूळ फाईलमध्ये वक्र कसा काढायचा ते त्याच्या सॉफ्टवेअरला ठाऊक असतं. डीएक्सएफमध्ये काय गेलं, ते डीएक्सएफ उघडल्यावरच दिसणार. शक्य असेल तर ज्यात बनवली त्याच सॉफ्टवेअरमध्ये नको, दुसऱ्यात उघडा. लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड दोन्ही फुकट आहेत. दोन ठिकाणी दोन वेगळे आकार दिसले, तर फाईलमधली माहिती अर्धवट आहे आणि प्रत्येक सॉफ्टवेअर उरलेलं आपापल्या मनाने भरतंय, असं समजा.

दुसरी: आवृत्ती, एकक, दिशा

डीएक्सएफ ही साधी मजकुराची फाईल असते. बायनरी प्रकारही आहे, पण तो क्वचितच समोर येतो. नोटपॅडमध्ये उघडा. आत दोन-दोन ओळींच्या जोड्या दिसतील: वरच्या ओळीत कोड, खालच्या ओळीत त्याची किंमत. सुरुवातीच्या हेडरमध्ये ‘ॲकॅडव्हर’ शोधा. त्याखाली ‘एसी१००९’ असेल तर फाईल ऑटोकॅडच्या जुन्या आर१२ आवृत्तीच्या वळणाची आहे, आणि त्यात स्प्लाइन नावाची वस्तूच नाही. ती आली आर१३ मध्ये, म्हणजे ‘एसी१०१२’ पासून. आर१२ मध्ये सेव्ह करताना शहाणा एक्स्पोर्टर वक्राची पॉलिलाइन, म्हणजे जोडलेल्या तुकड्यांची सलग साखळी, करतो, आणि कच्चा एक्स्पोर्टर वक्र गाळून टाकतो किंवा जुन्या फाईलमध्ये नवी वस्तू कोंबतो. वक्र गायब असेल तर पहिला संशय इथे घ्या. आर२००० म्हणजे ‘एसी१०१५’ मध्ये सेव्ह करून परत बघा. आमच्या कामाला तीच आवृत्ती सगळ्यात बरी पडते, कारण जुन्या कंट्रोलरची सॉफ्टवेअरही ती वाचतात.

हेडरमध्येच ‘इन्सयुनिट्स’ असतं. ४ म्हणजे मिलिमीटर, १ म्हणजे इंच, ० म्हणजे काहीच ठरवलेलं नाही. भाग २५.४ पट मोठा किंवा लहान आला, तर पुढे शोधायची गरज नाही. माप ६ टक्क्यांच्या आसपास चुकलं असेल, म्हणजे १०० चं ९३.७५ किंवा १०६.६७ झालं असेल, तर ड्रॉइंग इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधून फिरून आलेलं असू शकतं. ०.९२ आवृत्तीपासून तिथे इंचाला ९६ पिक्सेल धरतात, त्याआधी ९० धरत. आणि आकृती वरची खाली झाली असेल तर फाईल बहुधा एसव्हीजी या वेबवरच्या चित्रांच्या फाईलवरून बनली आहे. एसव्हीजीत वाय अक्ष खाली वाढतो, डीएक्सएफमध्ये वर.

तिसरी: आत नक्की काय लिहिलंय?

आता खरी जागा. नोटपॅडमध्ये ‘स्प्लाइन’ हा शब्द, अर्थात इंग्रजी मोठ्या अक्षरांत, शोधा. त्याखालच्या जोड्यांमध्ये हे चार कोड गाठा:

७१ – वक्राची डिग्री, म्हणजे त्याच्या समीकरणातला सगळ्यात मोठा घात, बहुधा ३.
७२ – नॉट किती.
७३ – कंट्रोल पॉइंट किती.
७४ – फिट पॉइंट किती.

कंट्रोल पॉइंटचे निर्देशांक १०, २०, ३० या कोडखाली येतात, फिट पॉइंटचे ११, २१, ३१ खाली, नॉटच्या किमती ४० खाली.

७३ समोर ० आणि ७४ समोर बारा-पंधरा असा आकडा असेल, तर निदान झालं. फाईलमध्ये फक्त फिट पॉइंट गेलेत. ऑटोकॅड अशा फिट पॉइंटवरून स्वतःचा वक्र तयार करून दाखवतं, म्हणून गिऱ्हाइकाला काही वावगं दिसत नाही. कटिंगच्या कित्येक सॉफ्टवेअरना मात्र कंट्रोल पॉइंटच वाचता येतात. ते नसले की ती वस्तू सोडून पुढे जातात. "वक्र गायब" होतो तो असा.

यावरचा स्वस्त उपाय: ऑटोकॅडमध्ये फाईल उघडून लगेच परत डीएक्सएफ म्हणून सेव्ह करा. ते कंट्रोल पॉइंट काढून लिहून देतं. पण थांबा, हा उपाय करण्याआधी पाचवी तपासणी वाचा. जो वक्र मिळेल तो ऑटोकॅडचा असेल, तुमच्या डिझायनरचा असेलच असं नाही.

चौथी: नॉटची बेरीज

एररवाल्या फायली इथे सापडतात. नियम एका ओळीचा आहे: नॉटची संख्या म्हणजे कंट्रोल पॉइंट अधिक डिग्री अधिक १. डिग्री ३ आणि कंट्रोल पॉइंट ४ असतील तर नॉट ८ हवेत: चार शून्यं आणि चार एक. कॅल्क्युलेटरही लागत नाही, तरी ही बेरीज कुणी करत नाही.

बेरीज बरोबर दोनाने कमी येत असेल, तर कुणीतरी स्क्रिप्ट लिहून राइनो या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या वक्रातून नॉट जसेच्या तसे उचललेत. राइनो आपल्या आतल्या हिशेबात पहिला आणि शेवटचा नॉट ठेवतच नाही, कारण वक्राच्या आकारावर त्या दोघांचा परिणाम होत नाही. डीएक्सएफला ते लागतात. पहिली किंमत पुढे एकदा आणि शेवटची किंमत मागे एकदा जोडली की फाईल उघडते. राइनोचा स्वतःचा डीएक्सएफ एक्स्पोर्ट हे करून देतो. चूक होते ती घरगुती स्क्रिप्टमध्ये.

नॉट चढत्या क्रमाने असावेत, समान चालतात, उतरता एकही चालत नाही. आणि दशांशाची घरं बघा. वक्राचं प्रमाण ० ते १ धरलं आणि बिंदू २०० असले, तर दोन नॉटमधलं अंतर सरासरी ०.००५ असतं. तीन घरांपर्यंत गोळाबेरीज केली की नॉट ०.०००५ पर्यंत सरकू शकतो, म्हणजे अंतराच्या दहाव्या हिश्शाने. मग गुळगुळीत वक्रावर हात फिरवला की खडे लागल्यासारखं होतं. आठ घरं लिहा, फाईलचं वजन काही वाढत नाही.

आता तो किस्सा. इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याने ठिपक्यांच्या रांगोळीचं वेब टूल केलं होतं. ठिपके निवडायचे, टूल त्यांतून वेलांटी नेतं, डीएक्सएफ उतरवायची आणि एमडीएफवर कापायची. त्याच्या लॅपटॉपवर फाईल नीट, त्याच्या मावशीच्या संगणकावरून उतरवलेली फाईल आमच्याकडे उघडेना. "ताई, कोड तोच आहे, काहीच बदललेलं नाही." फाईल नोटपॅडमध्ये उघडली आणि मी हसायलाच लागले. निर्देशांक देवनागरी आकड्यांत होते! मावशीचा ब्राउझर मराठीत होता, आणि पोराने आकडे लिहायला जावास्क्रिप्टचं ‘टू-लोकेल-स्ट्रिंग’ वापरलं होतं. ते ब्राउझरची भाषा बघून आकडे लिहितं: मराठी असेल तर देवनागरी अंक, हजार-लाखाला स्वल्पविराम, वर दशांशानंतर तीनच घरं. तीन चुका एका झटक्यात, आणि तिसरी त्याच्या स्वतःच्या इंग्रजी लॅपटॉपवरही होत होती, फक्त दिसत नव्हती. ‘टू-फिक्स्ड’ वापरून आठ घरं लिही म्हटलं, प्रश्न मिटला. जर्मनी-फ्रान्सकडच्या संगणकांवर याच कारणाने दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम येतो.

पाचवी: बिंदूंच्या मधे वक्र कोण ठरवतंय?

फाईल उघडते, बिंदू जागेवर आहेत, तरी आकार वेगळा. सगळ्यात जास्त भंगार याच दोषाने होतं, कारण स्क्रीनवर तो दिसत नाही. म्हणून इथे जरा निवांत बसू.

ठिपके सारखे असले तरी दोन बायकांची रांगोळी सारखी येत नाही. ठिपके कुठे आहेत ते ठरलेलं असतं, हात कुठून कसा वळवायचा ते ज्याचं त्याच्यावर. फिट पॉइंटचं तसंच आहे. त्यांतून जाणारे वक्र अगणित असतात. कुठला निवडायचा ते तीन गोष्टींवर ठरतं: स्प्लाइनचा प्रकार कोणता, दोन बिंदूंमधलं ‘अंतर’ कसं मोजलं, आणि दोन्ही टोकांना वक्र कसा सोडला. फक्त फिट पॉइंट पाठवले तर या तिन्ही गोष्टी समोरचं सॉफ्टवेअर आपल्या सवयीने ठरवतं.

फरक किती पडतो ते एकदा आकड्यांत बघा. चार बिंदू घ्या, मिलिमीटरमध्ये: (०, ०), (३०, २०), (६०, २०), (९०, ०). छोटी कमान. मधोमध, म्हणजे एक्स ४५ ला, वक्राची उंची किती?

कॅटमुल-रॉम स्प्लाइनने (प्रत्येक बिंदूवरची दिशा त्याच्या दोन शेजाऱ्यांवरून ठरवणारी), समान अंतर धरून: २२.५.
टोकं मोकळी सोडलेल्या क्युबिक स्प्लाइनने (सगळे तुकडे एकत्र सोडवणारी), समान अंतर धरून: २३.०.
त्याच क्युबिक स्प्लाइनने, पण अंतर म्हणून बिंदूंमधली खरी लांबी धरून: २२.३१.

चारही बिंदूंतून तिन्ही वक्र तंतोतंत जातात. तरी मधे ०.६९ मिमीचा फरक. पाटीवरच्या नक्षीत हे खपेल. गॅस्केटमध्ये किंवा एकमेकांत बसणाऱ्या दोन भागांत नाही खपणार. गिऱ्हाईक वर्नियर घेऊन बिंदूंवरच मोजतं आणि "माप बरोबर आहे, तरी बसत नाही" म्हणतं, ते यामुळे.

ऑटोकॅडमध्ये ही निवड ‘स्प्लनॉट्स’ या व्हेरिएबलमध्ये असते: ० म्हणजे खरी लांबी, १ म्हणजे लांबीचं वर्गमूळ, २ म्हणजे समान. बिंदू कुठे दाट, कुठे विरळ असतील तेव्हा समान अंतर धरलं की दाट भागात वक्र फुगतो किंवा गाठ मारतो. लक्षणांतली ती कोपऱ्याजवळची गाठ बहुतेकदा हीच. वर्गमूळवाली पद्धत तिथे सगळ्यात शहाण्यासारखी वागते. मूळ वक्र कुठल्या पद्धतीचा आहे ते डिझायनरला विचारा. त्याला माहीत नसेल, आणि बहुधा नसतंच, तर मूळ सॉफ्टवेअरमधून मधल्या दोन-तीन जागांची मापं मागवा आणि आपल्या फाईलशी ताडून बघा.

टोकांचंही तेच. स्प्लाइन हा शब्द जहाजबांधणीतल्या लवचिक पट्टीवरून आलाय. पट्टी वजनांनी ठरावीक जागी दाबून धरायची आणि तिच्या कडेने रेघ ओढायची. टोक मोकळं सोडलं तर पट्टी शेवटी सरळ होते, टोक एका दिशेला धरून ठेवलं तर तिकडे वळते. डीएक्सएफमध्ये ही दिशा १२, २२, ३२ या कोडखाली सुरुवातीची आणि १३, २३, ३३ खाली शेवटची लिहिता येते. एक्स्पोर्टरने ती लिहिली नाही तर पहिला आणि शेवटचा तुकडा बदलतो, मधले जवळपास तसेच राहतात. फक्त टोकांकडचं माप चुकत असेल तर इकडे बघा.

सहावी: बंद वक्राची शिवण

"कॉन्टूर ओपन" या तक्रारीची तीन कारणं मला वारंवार भेटतात. पहिलं: ७० या कोडमध्ये ‘बंद’ अशी खूण केलेली असते, पण शेवटचा बिंदू पहिल्यावर नेलेला नसतो. काही सॉफ्टवेअर खूण वाचतात, काही नुसते बिंदू बघतात. दोन्ही जुळवा.

दुसरं: पहिला बिंदू शेवटी दोनदा आलेला असतो, किंवा डिझायनरने त्याच जागी डबल क्लिक केलेलं असतं. लांबीवरून अंतर मोजणाऱ्या पद्धतीत दोन बिंदूंमधलं अंतर शून्य झालं की शून्याने भागाकार होतो, आणि फाईलमध्ये आकड्याच्या जागी ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नाही’, असं काहीतरी छापलं जातं. ०.००१ मिमीच्या आत असलेले लागोपाठचे बिंदू आधीच गाळून टाका.

तिसरं: फट नाही, पण शिवणीवर टोक आलंय. वक्र बंद असूनही त्याला दोन टोकं असल्यासारखा सोडवलाय. बंद वक्राच्या शेवटच्या बिंदूचा पुढचा शेजारी म्हणजे पहिला बिंदू. हे स्क्रिप्टला सांगावं लागतं, ते आपणहून कळत नाही.

सातवी: रूपांतर स्वतः करून पाठवणे

वरच्या कशानेही भागलं नाही, किंवा तुम्ही स्वतःच टूल लिहिताय, तर वक्र शेवटपर्यंत सोडवून कंट्रोल पॉइंटमध्येच लिहा. म्हणजे समोरच्याला ठरवायला काही उरत नाही.

कॅटमुल-रॉम असेल तर हे अंकगणित शाळकरी आहे. लागोपाठचे चार बिंदू घ्या: प०, प१, प२, प३. प१ ते प२ या तुकड्याचे दोन मधले कंट्रोल पॉइंट असे:

पहिला = प१ + (प२ − प०) ÷ ६
दुसरा = प२ − (प३ − प१) ÷ ६

वरच्या कमानीत घालून बघा: (४०, २३.३३) आणि (५०, २३.३३) येतात. प्रत्येक तुकडा चार कंट्रोल पॉइंट आणि आठ नॉट घेऊन वेगळी स्प्लाइन म्हणून लिहिता येतो. सगळे एकत्र सांधायचे तर ‘न’ तुकड्यांना ३न + १ कंट्रोल पॉइंट आणि ३न + ५ नॉट लागतात, मधला प्रत्येक नॉट तीनदा. यात अंदाज काहीच नाही, वक्र जसाच्या तसा उतरतो. मला सांधलेला आवडतो, कारण तुटक पाठवला की नेस्टिंगमध्ये कुणीतरी चुकून एक तुकडा सोडतंच.

एक खोड: हे ६ समान अंतर धरलेल्या कॅटमुल-रॉमलाच लागू. डी३ आणि थ्री-जेएस या जावास्क्रिप्टच्या लायब्रऱ्यांत न सांगता वर्गमूळवाली पद्धत चालू असते, तिथे ६ ने भागलात तर वक्र थोडा सरकणार आणि तुम्ही दिवसभर चूक शोधत बसणार. डी३ वापरत असाल तर सूत्राच्या नादीच लागू नका. त्याच्या एसव्हीजी पाथमध्ये ‘सी’ अक्षरापुढे बेझिए कंट्रोल पॉइंट तयारच लिहिलेले असतात. ते उचला, वाय उलटा करा, झालं.

क्युबिक स्प्लाइन असेल तर ‘न’ फिट पॉइंटांना न + २ कंट्रोल पॉइंट आणि न + ६ नॉट येतात, आणि ते काढायला समीकरणांचा एक संच सोडवावा लागतो. हे हाताने करण्यात अर्थ नाही. पायथनमध्ये सायपायची तयार फंक्शन्स आहेत, आणि डीएक्सएफ लिहायला ईझेडडीएक्सएफ आहे.

आणि समोरचं मशीन स्प्लाइन घेतच नसेल तर? मग कंस किंवा रेषा. इथे लोक टॉलरन्स, म्हणजे किती चूक चालेल ते, न बघता एक्स्पोर्ट करतात आणि दोन टोकं गाठतात: एकतर वर्तुळाचं षट्‌कोन, नाहीतर पाच लाख रेषा. हिशेब सोपा आहे. त्रिज्या आणि चालणारी चूक यांचा गुणाकार करा, त्याला ८ ने गुणा, वर्गमूळ काढा. रेषेची जास्तीत जास्त लांबी मिळते. त्रिज्या ५० मिमी आणि चूक ०.०५ धरली तर ४.४७ मिमी, म्हणजे पूर्ण वर्तुळाला साधारण ७० रेषा. हौसेने चूक ०.००१ धरली तर त्याच वर्तुळाला जवळपास ५०० रेषा. पातळ पत्र्यावर लेझरच्या कापाची रुंदीच साधारण ०.१ ते ०.३ मिमी असते. त्यात ०.००१ चा काय उपयोग? दर रेषेच्या जोडावर मशीन वेग कमी-जास्त करत बसतं, उष्णता एका जागी साचते आणि कड जळते. आमच्या नेहमीच्या पत्राकामाला मी ०.०२ ते ०.०५ धरते.

निवड असेल तर रेषांपेक्षा कंस घ्या. ऑटोकॅडमध्ये ‘प्लाइनकन्व्हर्टमोड’ १ करा, मग ‘स्प्लाइनेडिट’मधून पॉलिलाइन करा, रेषांऐवजी कंस मिळतात. ० असेल तर रेषा. डीएक्सएफच्या पॉलिलाइनमध्ये कंस ४२ या कोडखाली ‘बल्ज’ म्हणून जातो: कंसाच्या कोनाचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा टॅन. अर्धवर्तुळाला १, पाव वर्तुळाला ०.४१४२, घड्याळाच्या दिशेने जाणाऱ्या कंसाला उणे. मशीनला कंसाची आज्ञा थेट कळते, त्यामुळे चालही गुळगुळीत राहते.

पॉलिलाइन केल्यावर आरशातली प्रतिमा आली, तर २१०, २२०, २३० हे कोड बघा. तिथे ०, ०, −१ असेल तर कुणीतरी भाग थ्रीडीत उलटा करून ठेवलाय. स्प्लाइनचे बिंदू जगाच्या निर्देशांकांत असतात, पॉलिलाइनचे वस्तूच्या स्वतःच्या, म्हणून हा दोष रूपांतरानंतरच उघडा पडतो.

कुठे थांबायचं

फाईल आपल्या हातात आहे म्हणून वक्र आपला होत नाही. पुढच्या ठिकाणी मी स्वतः हात लावत नाही, फोन उचलते.

भागाचं काम वक्राच्या नेमक्या आकारावर चालत असेल, म्हणजे कॅम, पंख्याचं किंवा पंपाचं पातं, दात्यांची चाकं, तर मूळ डिझायनरला गाठा. दात्याच्या कडेचा वक्र गणिताने ठरलेला असतो. तो कुणी आठ बिंदूंच्या स्प्लाइनने काढला असेल तर फाईल कितीही नीट उघडली तरी भाग चुकीचाच. अशा वेळी डीएक्सएफ नको, स्टेप फाईल द्या म्हणावं. त्यात वक्र कंट्रोल पॉइंट आणि नॉटसकट जातो. स्टेप नसेल तर आयजेस, त्यात तो १२६ क्रमांकाच्या वस्तूत येतो.

बिंदू स्कॅनरमधून आले असतील, शेकडोंनी, आणि वक्र थरथरत असेल, तर तो रूपांतराचा दोष नाही. प्रत्येक बिंदूत मोजणीची चूक आहे आणि तुम्ही वक्राला त्या प्रत्येक चुकीतून जायला लावताय. तिथे बिंदूंतून जाणारी नव्हे, बिंदूंच्या जवळून जाणारी स्प्लाइन लागते, आणि किती जवळून ते ठरवणं रिव्हर्स इंजिनिअरिंगवाल्याचं काम.

ड्रॉइंगवर ०.०५ मिमीपेक्षा कडक टॉलरन्स असेल तर ते काम लेझरचं नाही. तारेने कापणाऱ्या वायरकटवाल्याला दाखवा, आणि फाईलही त्याच्याच मशीन-प्रोग्रॅमरला बनवू द्या.

शेजारच्या बिंदूला जरासा ओढून "जुळवून" देण्याचा मोह कधीही करू नका. मी एकदा केला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी, गिऱ्हाइकाची घाई होती म्हणून. फट मिटली. चाळीस भाग कापून झाल्यावर कळलं, की तो बिंदू एका बोल्टच्या मोकळ्या जागेसाठी तिथे होता. तीन मिमी स्टेनलेस स्टीलचे चाळीसही तुकडे भंगारात गेले. तेव्हापासून फट कुठे आहे त्याचा स्क्रीनशॉट, निर्देशांक आणि ७० ते ७४ कोडच्या किमती एवढं मेलमध्ये टाकते आणि उत्तर येईपर्यंत पत्रा चढू देत नाही.

सगळं तपासून झालं, फाईल दोन सॉफ्टवेअरमध्ये सारखी दिसतेय, तरी पत्र्यावर आकार चुकतोय, असं झालं तर भंगाराच्या पत्र्यावर १०० मिमीचा चौकोन आणि त्याच्या आत ५० मिमी व्यासाचं साधं वर्तुळ कापा. वर्तुळ स्प्लाइन म्हणून नको, सर्कल म्हणूनच काढा. व्यास आडवा, उभा आणि दोन्ही तिरक्या दिशांनी मोजा. तेही अंडाकृती आलं, तर लॅपटॉप बंद करा आणि मशीनच्या सर्व्हिस इंजिनिअरला फोन लावा.